चार आणि तीन : ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. काही प्रश्न दोघातिघांनी विचारलेत, ते एकत्र घेतले आहेत. मी चित्रकला शिकवत आले, पुरातत्त्व शिकलेली नाही. ही भांडी मी पाहिली ती वही-पेन्सिल घेऊन, नक्कल करत करत. त्यामुळं उत्तरंही त्याच वाटेनं येतील.

प्रश्न : ताई, गेल्या अंकातल्या चित्रात ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलिस आणि एजॅक्स समोरासमोर बसून फासे खेळताना दिसतात. त्या युद्धावरच्या होमरच्या महाकाव्याचा, इलियडचा अनुवाद मी दोनदा वाचलाय. हा प्रसंग मला कुठंच सापडला नाही. नेमका कोणत्या सर्गात आहे?

कोणत्याच सर्गात नाही. तुमच्या वाचनात काही सुटलेलं नाही. होमरनं हा प्रसंग सांगितलेला नाही, आणि त्या काळच्या ज्या काव्यांचा मजकूर आपल्यापर्यंत पोचला त्यांतही तो सापडत नाही. आपल्या हातात आहेत ती भांडी. त्यांतलं सर्वांत देखणं भांडं अथेन्सच्या एक्सेकियासचं. काळ इ.स.पू. ५४० ते ५३० च्या आसपास, उंची सुमारे ६१ सेंटिमीटर. ते इटलीत व्हुल्ची इथं सापडलं आणि आज व्हॅटिकनच्या एट्रस्कन संग्रहालयात आहे. दोन कानांच्या या कुंभाला अँफोरा म्हणतात. ‘मला एक्सेकियासनं घडवलं आणि रंगवलं’ असं त्यावर लिहिलंय. बोलतंय ते भांडंच.

या अँफोरापुढं मी एक अख्खी सकाळ उभी होते. आधी दोघांची बाह्यरेषा काढली, ती पटकन जमली. मग अंगावरची वस्त्रं घेतली आणि तिथंच अडकले. त्या वस्त्रांवर बोटाच्या पेराएवढ्या जागेत चांदण्या, फुलं, चौकटी आणि काठ असं सगळं कोरलेलं आहे. मी मुद्दाम ‘कोरलेलं’ म्हणते. काळ्या थरावर टोकदार हत्यारानं ओरखडा काढायचा म्हणजे खालची लाल माती रेघेसारखी दिसते. ओरखडा चुकला तर पुसता येत नाही. दाढीचा केस न् केस त्यानं असा काढलाय. माझी पेन्सिल चार वेळा तासून झाली तरी अकिलिसची एक बाही पुरी झाली नव्हती.

आता खेळाकडे बघा. अकिलिसच्या तोंडापासून अक्षरं निघतात : ‘तेस्सारा’, म्हणजे चार. एजॅक्सच्या तोंडापासून ‘त्रिआ’, म्हणजे तीन. अकिलिसचं शिरस्त्राण डोक्यावर आहे, त्याच्या तुऱ्यामुळं तो उंच दिसतो. एजॅक्सनं आपलं शिरस्त्राण मागं ढालीवर ठेवलंय, त्यामुळं तो जरा लहान वाटतो. दोघांच्याही हातात भाले आहेत. कधी हाक येईल याचा नेम नाही, म्हणून खेळतानाही ते खाली ठेवलेले नाहीत. त्या भाल्यांच्या तिरप्या रेघा मधल्या ठोकळ्याकडे उतरतात आणि आपली नजर आपोआप फाशांवर जाते. एजॅक्सची टाच किंचित उचललेली आहे. हरणारा माणूस असाच बसतो.

ज्या ग्रीकांनी हे भांडं हातात घेतलं त्यांना पुढचं ठाऊक होतं. अकिलिस मरणार, त्याचं प्रेत रणातून एजॅक्स आपल्या खांद्यावर आणणार. मग अकिलिसची शस्त्रं कुणाला द्यायची यावरून वाद होणार, ती ओडिसिअसला मिळणार, आणि एजॅक्स वेडाच्या भरात गुरंमेंढरं कापून शेवटी स्वतःच्याच तलवारीवर पडणार. हे सगळं त्या एका ‘तीन’मध्ये आहे. फाशांतही तो मागं आहे.

तो शेवटही एक्सेकियासनं दुसऱ्या एका अँफोरावर काढलाय, फ्रान्समधल्या बुलोन्य-स्यूर-मेर इथं ते भांडं आहे. बाकीचे चित्रकार तलवार आरपार गेलेला एजॅक्स दाखवतात. एक्सेकियासचा एजॅक्स अजून जिवंत आहे. तो उकिडवा बसलाय, तलवारीची मूठ जमिनीत रोवून भोवतीची माती हातानं थोपटतोय. रोप लावणारा माणूस करतो तशीच ती हालचाल. कपाळावर आठ्या आहेत. शेजारी त्याची ढाल आणि शिरस्त्राण, दुसऱ्या बाजूला खजुराचं एकटं झाड. दुसरं माणूस चित्रात नाही. हे चित्र मी आजवर फक्त छापील पाहिलंय, तरी ते थोपटणारे हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

फाशांचा प्रसंग पुढं इतका लोकप्रिय झाला की दीडशेहून अधिक भांड्यांवर तो सापडतो. त्यांतल्या पुष्कळांनी दोघांच्या मध्ये अथेना देवी उभी केली. मला ते पटत नाही. देवी आली की तिच्याकडेच लक्ष जातं, आणि त्या दोघांमधली शांतता मोडते.

प्रश्न : मी नववीत आहे. या चित्रांत कोण कोण आहे ते तुम्हांला कसं कळतं? मला सगळे दाढीवाले पुरुष सारखेच दिसतात.

सुरुवातीला मलाही तसंच व्हायचं. तू चेहऱ्याकडे बघू नकोस, हातात काय आहे आणि डोक्यावर काय आहे ते बघ. सिंहाचं कातडं आणि सोटा असेल तर हेराक्लिस. सिंहाचा जबडाच तो टोपीसारखा घालतो. शिरस्त्राण, भाला आणि खांद्यावर सापांची झालर असलेलं वस्त्र असेल तर अथेना. प्रवाशाची रुंद टोपी, पंखांचे बूट आणि दोन सापांची काठी हर्मिसची. डोक्यावर आयव्हीच्या पानांचा हार आणि हातात मद्याचा प्याला असेल तर डायोनायसस. त्रिशूळ पोसायडनचा, वज्र झ्यूसचं. या दोन भावांची हत्यारं पुसली गेली असतील तर मात्र भलेभले अडखळतात.

शिवाय पुष्कळदा नावं लिहिलेली असतात. माणूस डावीकडे तोंड करून असेल तर नाव उजवीकडून डावीकडे, उलटं लिहिलेलं सापडतं, म्हणजे अक्षरं त्याच्याच दिशेनं चालतात. ग्रीक मुळाक्षरं फक्त चोवीस आहेत. एका रविवारी बसलीस तर ओळखीपुरती येतील, आणि मग संग्रहालयाच्या पाटीकडे न बघता ‘हा अकिलिस’ असं म्हणता आलं की काय वाटतं ते मला पत्रानं कळव. एक सांगून ठेवते, काही भांड्यांवरच्या अक्षरांना अर्थच नसतो. शोभेसाठी नुसती मांडलेली असतात. तिथं वाचता आलं नाही तर नाउमेद होऊ नकोस.

प्रश्न : हा काळा रंग कसला? आणि काही भांड्यांवर माणसं काळी, काहींवर लाल का?

हा रंग नाहीच. जी माती भांड्याची, तीच पाण्यात कालवून, जड कण तळाशी बसू देऊन वरचा अगदी बारीक गाळ तेवढा घ्यायचा, आणि तो कुंचल्यानं लावायचा. लावताना कच्च्या भांड्याच्या आणि त्या गाळाच्या रंगांत फार फरक नसतो. म्हणजे चित्रकार जे काढत होता ते त्याला आज आपल्याला दिसतं तसं दिसतच नव्हतं. काळं आणि लाल वेगळं झालं ते आगीत.

भाजणी एकाच आव्यात, तीन टप्प्यांत होई. आधी हवा खेळती ठेवून भट्टी सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत नेत, मातीतल्या लोहामुळं सगळं लाल होई. मग झरोके बंद करून ओली लाकडं टाकत आणि उष्णता ९५० अंशांच्या आसपास नेत. धुरात हवा कोंडली की सगळं भांडं काळं पडे, आणि बारीक गाळाचा थर वितळल्यासारखा होऊन काचेगत बंद होई. शेवटी झरोके पुन्हा उघडत. उरलेली माती सच्छिद्र असते, ती हवा ओढून परत लाल होते. बंद झालेल्या थरात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. तिसऱ्या टप्प्याला उशीर किंवा घाई झाली तर महिन्याची मेहनत गेली. म्हणून मला ही भांडी जितकी चित्रकाराची तितकीच आव्याशी बसणाऱ्या माणसाची वाटतात. त्याचं नाव मात्र भांड्यावर येत नाही.

माणसं काळी आणि मागची जमीन लाल, ही जुनी पद्धत. ती आधी कोरिंथमध्ये रुजली, मग अथेन्सनं उचलली. इ.स.पू. ५२५ च्या सुमारास अथेन्समध्ये कुणीतरी ते उलटं केलं : जमीन काळी भरली आणि माणसं मातीच्या लाल रंगात सोडली. आता ओरखड्याऐवजी कुंचला आला. पोटाचे स्नायू, वळलेली पाठ, पायाची बोटं वाहत्या रेघेनं काढता येऊ लागली. याचं श्रेय बहुधा ज्याला देतात त्याचं खरं नाव आपल्याला माहीत नाही. अँडोकिडिस नावाच्या कुंभारासाठी तो काम करायचा म्हणून त्याला ‘अँडोकिडिस चित्रकार’ म्हणतात. म्यूनिकला एक अँफोरा आहे, त्याच्या एका बाजूला हेराक्लिस मेजवानीला पहुडलाय तो काळा, दुसऱ्या बाजूला तोच हेराक्लिस तसाच पहुडलेला, पण लाल. मी त्या काचपेटीला पाच-सहा फेऱ्या घातल्या. एकाच भांड्याभोवती फिरताना चित्रकलेतला एवढा मोठा बदल डोळ्यांदेखत होतो, असं दुसरं ठिकाण मला ठाऊक नाही.

प्रश्न : जुन्या काळ्या चित्रांत बायका पांढऱ्या का?

तो संकेत होता. पुरुष उन्हातले, बायका घरातल्या, अशी त्या समाजाची समजूत होती. बाईच्या अंगावर काळ्या थराच्या वर पांढरा लावत. तो चटकन उडतो, त्यामुळं काही ठिकाणी आता बाईही काळीच दिसते.

पण चांगल्या हातात संकेताचंही सोनं होतं. ब्रिटिश म्यूझियममध्ये एक्सेकियासचाच आणखी एक अँफोरा आहे, त्यावर अकिलिस अॅमेझॉन या लढवय्या बायकांच्या राणीला, पेंथेसिलियाला मारतोय. त्याचा चेहरा शिरस्त्राणात पुरता झाकलेला, काळा, फक्त डोळा दिसतो. तिचा चेहरा उघडा आणि पांढरा. भाला तिच्या गळ्याशी भिडलाय आणि ती मान वळवून वर त्याच्याकडे बघतेय. या क्षणी तो तिच्या प्रेमात पडला अशी कथा आहे. शब्दांत सांगितलं तर खोटं वाटेल असं ते, पण तिचा पांढरा चेहरा आणि त्याचा एक डोळा समोरासमोर बघितला की शंका उरत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला जेसन आणि सोनेरी लोकरीची गोष्ट वाचून दाखवली. मग एका पुस्तकात चित्र दिसलं, जेसन अजगराच्या तोंडातून अर्धा बाहेर लोंबतोय! मुलगा विचारतो, त्याला गिळलं होतं का? मला उत्तर देता आलं नाही.

मुलाला सांगा, हो, या चित्रात गिळलं होतं.

तो कायलिक्स, म्हणजे बैठकीतला पसरट प्याला, चित्रकार डूरिसचा. इ.स.पू. ४८० ते ४७० चा, इटलीत चेर्वेतेरी इथं सापडलेला, आता व्हॅटिकनमध्ये. अजगराच्या जबड्यातून जेसन कमरेपर्यंत बाहेर आलाय. हात खाली लोंबकळतायत, केस ओघळलेत, अंगात त्राण नाही. शेजारी नाव लिहिलंय म्हणून शंका नको. मागं झाडावर लोकर टांगलेली आहे. समोर अथेना हातात घुबड घेऊन भाल्याला टेकून उभी, आणि अगदी शांतपणे बघतेय.

तुम्ही मुलाला वाचून दाखवलेली गोष्ट बहुतेक अपोलोनिओसच्या काव्यावरून आलेली असणार. त्यात जादू जाणणारी राजकन्या मेडिया मंत्रांनी आणि औषधीनं सर्पाला झोपवते आणि जेसन लोकर उचलतो. ते काव्य इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं, म्हणजे हा प्याला त्याच्याहून दोनशे वर्षांनी जुना. चित्रात मेडिया नाहीच. जेसन गिळला गेला आणि पुन्हा बाहेर आला असं सांगणारा एकही ग्रंथ आज उरलेला नाही. ती गोष्ट या प्याल्यानं राखली.

म्हणून मला ‘या चित्रात इलियड दाखवलंय’ किंवा ‘हे चित्र चुकलंय, पुस्तकात असं नाही’ ही दोन्ही वाक्यं खटकतात. या चित्रकारांपुढं उघडलेली पोथी नव्हती. त्यांनी आजीकडून, गवयांकडून, उत्सवात गोष्टी ऐकलेल्या होत्या, आणि त्या दहा ठिकाणी दहा तऱ्हांनी सांगितल्या जात. डूरिसही सांगणाराच आहे, त्याच्या हातात कुंचला होता इतकंच. मुलाला दोन्ही गोष्टी सांगा. कुठली आवडली ते तो ठरवील.

प्रश्न : भांडी ग्रीक, मग सापडतात इटलीत, हे कसं? आणि अडीच हजार वर्षं ती फुटली कशी नाहीत?

अथेन्सचे कुंभार परदेशी गिऱ्हाइकांसाठी माल करत, आणि इटलीतले एट्रस्कन लोक हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. निकोस्थेनिस नावाच्या कुंभारानं तर एट्रस्कन घडणीची, रुंद चपट्या कानांची भांडी खास त्यांच्यासाठी काढली. एट्रस्कन लोक ती कबरीत मृतांबरोबर ठेवत. कबर ही बंद खोली, म्हणून भांडी टिकली. व्हुल्चीच्या कबरी १८२८ पासून उघडल्या गेल्या आणि युरोपभरची संग्रहालयं भरली.

यातलं सगळंच सरळ मार्गानं गेलं नाही. युफ्रोनिओसनं रंगवलेला एक क्रेटर आहे. मद्यात पाणी मिसळायचं मोठं भांडं म्हणजे क्रेटर. झ्यूसचा मुलगा सार्पिडॉन ट्रॉयच्या रणात पडतो, आणि निद्रा व मृत्यू हे दोघे पंखधारी भाऊ त्याचं प्रेत अलगद उचलतात. मध्ये हर्मिस उभा आहे, जखमांतून अजून रक्त वाहतंय. हे भांडं १९७१ मध्ये चेर्वेतेरीजवळच्या कबरीतून चोरून उपसलेलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं १९७२ मध्ये ते दहा लाख डॉलरला घेतलं आणि २००८ मध्ये इटलीला परत केलं. आता ते चेर्वेतेरीतच आहे. भांडं परत आलं, पण त्या कबरीत त्याच्या शेजारी काय ठेवलेलं होतं, कुणासाठी ठेवलेलं होतं, ते चोरांच्या कुदळीनं कायमचं गेलं. मला याचा फार राग येतो.

फुटण्याबद्दल म्हणाल तर बहुतेक भांडी फुटलेलीच आहेत, आपण पाहतो ती जोडलेली. फ्लोरेन्समध्ये ‘फ्रांस्वा भांडं’ म्हणून प्रसिद्ध असलेला क्रेटर आहे, एर्गोटिमोसनं घडवलेला आणि क्लेइटियासनं इ.स.पू. ५७० च्या सुमारास रंगवलेला. ६६ सेंटिमीटर उंचीच्या भांड्यावर सुमारे २७० आकृत्या! १८४४-४५ मध्ये त्याचे तुकडे सापडले, जोडले गेले. १९०० साली संग्रहालयाच्या एका पहारेकऱ्यानं रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकलं आणि त्याचे ६३८ तुकडे झाले. ते पुन्हा जोडलं. १९६६ च्या पुरानंतर १९७३ मध्ये परत एकदा सोडवून जोडलं. क्लेइटियासला नावं लिहिण्याची भारी हौस. डुकराच्या शिकारीतल्या कुत्र्यांचीही नावं त्यानं लिहिलीत. ट्रॉयचा राजपुत्र ट्रॉयलस, त्याच्या घोड्यांखाली पाण्याचं एक भांडं पडलंय, त्यावरही त्यानं लिहिलंय : ‘हायड्रिया’. म्हणजे पाण्याचं भांडं.

प्रश्न : पुढच्या महिन्यात दोन दिवसांसाठी बर्लिनला जातेय. संग्रहालयाला जेमतेम तासभर मिळेल. एकच भांडं बघायचं तर कोणतं?

आल्टेस म्यूझियममधला सोसियासचा प्याला. इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा. आतल्या गोल चित्रात अकिलिस आपल्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतोय. पट्टी पांढरी आहे, ती पटकन डोळ्यांत भरते. डावीकडे उपसून काढलेला बाण आहे. इलियडमध्ये पॅट्रोक्लस दुसऱ्याची जखम धुतो, त्याला ती विद्या अकिलिसनं शिकवलेली. इथं शिकवणारा स्वतः बसलाय, मान खाली घालून, सगळं लक्ष पट्टीत.

तासभर मिळणार असेल तर घाई करू नका. आधी अकिलिसचा डोळा बघा. त्या आधीच्या चित्रांत चेहरा बाजूनं असला तरी डोळा समोरून बघितल्यासारखा काढत. इथं तो आतल्या कोपऱ्यात उघडा आहे, आणि म्हणून तो खरोखर पट्टीकडे बघतोय असं वाटतं. मग पॅट्रोक्लसकडे या. वयानं तो मोठा, दाढीवाला. दुखणं दिसू नये म्हणून त्यानं तोंड दुसरीकडे वळवलंय, पण ओठ उघडे आहेत आणि मध्ये दातांची बारीक पांढरी रेघ आहे. शेवटी त्याचा डावा पाय बघा. कळ सोसताना टेकू हवा म्हणून त्यानं तो लांब करून चित्राच्या गोल काठावरच रेटून धरलाय.